सोन्याचा सरवा

जुन्या शहरांतील सराफकट्ट्यावर, दुकाने उघडण्यापूर्वी, एक निराळाच माणूस पूर्वी हटकून दिसे. काही ठिकाणी तो आजही दिसतो. हातात बारीक कुंचा आणि जवळ पत्र्याचे घमेले. पेढीपुढची धूळ, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत साचलेली माती, गटाराच्या तोंडाशी बसलेला गाळ, हे सारे तो मन लावून गोळा करतो. नवख्याला वाटावे की हा झाडूवाला आहे. पण झाडूवाला केर टाकून देतो आणि हा तो जपून घरी नेतो. तेथे तो केर चाळला जातो, पाण्यात धुतला जातो आणि पाऱ्याच्या साह्याने त्यातून सोन्याचे कण वेगळे केले जातात. महाराष्ट्रात या माणसाला झारेकरी म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे तो न्यारिया होतो आणि बडोद्याकडे धूळधोया. नावे तीन, धंदा एकच. सोनाराच्या कानशीतून निसटलेले आणि ग्राहकाच्या वहाणेला चिकटून बाहेर पडलेले सोने धुळीतून परत मिळवायचे.

शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर हा सोन्याचा सरवा आहे. पीक कापून नेल्यावर शेतात जी कणसे आणि शेंगा मागे राहतात त्यांना सरवा म्हणतात, आणि तो वेचण्याचा हक्क गोरगरिबांचा असतो, असे आपल्याकडील खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मानले. बायबलच्या जुन्या करारातही असाच दंडक आहे. शेताचे कोपरे अगदी धसाला लागेपर्यंत कापू नयेत, पडलेली कणसे मालकाने पुन्हा वेचू नयेत, ती गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत, असे तेथे सांगितले आहे. परदेशातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचूनच सासूचे पोट भरते. या दंडकामागे मोठा विचार आहे. जे पहिल्या हाताला सापडले नाही, किंवा त्याने सोडले, त्यावर दुसऱ्या हाताचाही हक्क आहे, असा तो विचार.

आता या सराफकट्ट्यावरून हजारो मैल दूर जाऊ. दक्षिण गोलार्धातील न्यूझीलंड देशाच्या दक्षिण बेटावर, पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला रीफ्टन नावाचे लहानसे गाव आहे. खडकात शिरलेल्या गारगोटीच्या शिरेला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरूनच या गावाचे नाव पडले, कारण या शिरांमध्ये सोने सापडले म्हणूनच ते वसले. गावाच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर, मुख्य रस्ता सोडून आत वळले की दाट सदाहरित रानातून वाहणारा एक ओढा लागतो. त्याचे नाव स्लॅब हट क्रीक. बीच जातीचे उंच वृक्ष, खोडांवर शेवाळाची जाड गादी, वारंवार येणारा पाऊस आणि उघड्या कातडीवर तुटून पडणारी बारीक चावरी चिलटे, असे तेथील वातावरण असते. वस्ती अशी नाही. सरकारी जमिनीवर तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा आहे, इतकेच.

या ओढ्यात सुटीच्या दिवशी माणसे गुडघाभर थंडगार पाण्यात उतरून झारेकऱ्याचे काम करताना दिसतात. त्यांत निवृत्त कारकून असतो, शाळकरी मुलांना घेऊन आलेले आईबाप असतात, तर कधी एखादा परदेशी प्रवासीही असतो. हातात थाळी आणि फावडे. कोणी त्यांना रोज देत नाही आणि बहुतेकांना दिवसाचा पेट्रोलचा खर्चही सुटत नाही. तरी ती येतात, पाठ भरून येईपर्यंत वाकतात आणि संध्याकाळी बोटभर काचेच्या कुपीत चार चमकदार ठिपके घेऊन परत जातात.

या खेळाला तेथील कायद्याने आखून दिलेली चौकट पाहण्यासारखी आहे. १९९१ च्या खनिजविषयक कायद्याप्रमाणे न्यूझीलंडमधील भूमीत नैसर्गिक स्थितीत असलेले सर्व सोने राजसत्तेच्या, म्हणजे राष्ट्राच्या मालकीचे आहे. कोठल्याही ओढ्यात फावडे घेऊन उतरावे अशी मोकळीक कोणाला नाही. त्यासाठी परवाना लागतो. परंतु याच कायद्याने दक्षिण बेटावरील काही ओढे आणि नदीकाठ सर्वसामान्य माणसासाठी राखून ठेवले आहेत. स्लॅब हट क्रीक हा त्यांपैकीच एक. तेथे परवाना लागत नाही, शुल्क लागत नाही आणि जे सापडेल ते सापडणाऱ्याचे होते. मुख्य अट एकच आहे. हत्यार हाताने चालणारे हवे. फावडे चालेल, चाळणी चालेल, थाळी चालेल, आडव्या पट्ट्या मारलेली पन्हळ पाण्याच्या प्रवाहात ठेवलेली चालेल. इंजिनाचा पंप मात्र चालणार नाही. रानाला इजा न करता, जागा जशी होती तशी ठेवून निघून जावे, अशी अपेक्षा असते.

या अटीतच जुन्या सरव्याचा न्याय आहे. सरवा वेचायचा तो हाताने. गाडी जुंपून सरवा वेचू लागला तर तो सरवा राहत नाही. ती दुसरी कापणी होते. दोन हात आणि एक पाठ जेवढे पेलू शकतात तेवढेच घ्यावे, मग तुम्ही श्रीमंत असा की गरीब, ही मर्यादा येथे सर्वांना सारखी आहे.

वाळूतून सोने निघते तरी कसे, हेही थोडक्यात पाहू. कारण या कामात जादू काही नाही. साऱ्या कलेचा पाया वजनात आहे. पाण्याच्या तुलनेत सोने सुमारे एकोणीसपट जड असते. नदीच्या वाळूत मुख्यत्वे असणारी गारगोटी अडीच ते पावणेतीनपट, आणि लोहयुक्त काळी वाळू सुमारे पाचपट. डोंगरातील गारगोटीच्या शिरा ऊनपावसाने आणि बर्फाने झिजतात, त्यांतील सोन्याच्या कण्या सुट्या होऊन ओढ्यात येतात आणि आपल्या जडपणामुळे जेथे पाण्याचा जोर कमी पडेल तेथे बसतात. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तळच्या कातळाच्या भेगांत त्या सापडतात. काठावरच्या शेवाळाच्या मुळांतही कधी बारीक कण अडकलेले असतात. जाणता माणूस म्हणून आधी ओढा वाचतो. पुराच्या वेळी पाणी कोठून धावले असेल आणि कोठे थकले असेल याचा अंदाज घेऊनच तो पहिले फावडे घालतो.

मग थाळी भरायची. पूर्वी ती लोखंडी किंवा पत्र्याची असे. आता बहुधा प्लॅस्टिकची असते आणि तिच्या एका बाजूला आतून खाचा असतात. खडी-वाळूने भरलेली थाळी पाण्याखाली धरून चिखलाची ढेकळे बोटांनी फोडायची, मोठे गोटे धुऊन फेकून द्यायचे. नंतर थाळी पाण्यातच आडवी हलवायची, की आतली सारी वाळू सैल होऊन पातळ झाल्यासारखी होते आणि जड कण खाली उतरतात. मग थाळी किंचित पुढे कलती करून, पाण्याची लहान लाट आत घेऊन, वरची हलकी वाळू वाहून जाऊ द्यायची. पुन्हा हलवायचे, पुन्हा कलवायचे. घाई केली तर वाळूबरोबर सोनेही जाते. फार भीत राहिले तर सूर्य मावळेपर्यंत एक थाळी होत नाही. शेवटी तळाशी मूठभर काळी वाळू उरते. तिच्यावरून थोडे पाणी अलगद फिरवले की काळ्या वाळूच्या शेपटीमागे, अगदी कडेला, एकदोन पिवळे ठिपके मागे राहिलेले दिसतात.

तेही सोनेच असेल असे नाही. अभ्रकाचा पापुद्रा उन्हात लखलखतो, पण पाण्याच्या पहिल्या लाटेबरोबर तरंगत निघून जातो. गंधकयुक्त लोहखनिजाचा तुकडा पितळेसारखा पिवळा दिसतो, पण त्याच्यावर सावली धरली की त्याची झळाळी मावळते आणि टोकले तर त्याचे तुकडे होतात. सोन्याचा कण सावलीतही पिवळाच राहतो आणि सुईने दाबला तर फुटत नाही, चेपतो. ओढ्यावर पहिल्यांदा आलेली मुले अभ्रक पाहून आरडाओरडा करतात. दुसऱ्या दिवशी ती गप्प राहून थाळी पुन्हा एकदा फिरवतात. एवढे शिक्षणही काही कमी नव्हे.

सोन्याची ही थाळी आज करमणुकीचे साधन झाली आहे. पण याच बेटावर ती एकेकाळी माणसांच्या जीवनमरणाची वस्तू होती. आणि तिच्या इतिहासाच्या आरंभी जो माणूस उभा आहे त्याचे नाते थेट आपल्या साताऱ्याशी सांगितले जाते. म्हणून स्लॅब हट क्रीक सोडून आता त्याच बेटाच्या आग्नेय भागात, ओटागो प्रांतात जाऊ.

एडवर्ड पीटर्स हे त्या माणसाचे नाव. तो मिश्र वंशाचा हिंदी होता आणि त्याचा जन्म मुंबई इलाख्यात साताऱ्याकडे झाला असे मानले जाते. १८५३ साली तो जहाजावरच्या नोकरीतून न्यूझीलंडला पोचला आणि तेथेच राहिला. टोकोमायरिरोच्या खोऱ्यात तो शेतमजुरी करी. त्याच्या वर्णावरून गोरे वसाहतवाले त्याला 'काळा पीटर' म्हणत, आणि हेच नाव पुढे जुन्या कागदपत्रांतही रूढ झाले. १८५८ च्या सुमारास या मजुराला त्या परिसरातील ओढ्यांत सोने सापडू लागले. त्याने ते लपवून ठेवले नाही. आसपासच्या लोकांना त्याची गोष्ट ठाऊक होती. पण एका परक्या मजुराच्या थाळीतील ठिपक्यांकडे गंभीरपणे पाहण्याची गरज त्या वेळी कोणाला वाटली नाही.

तीन वर्षांनी गॅब्रिएल रीड नावाचा गृहस्थ ओटागोत आला. तो टास्मानियाचा; कॅलिफोर्नियाच्या आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाच्या सोनखाणी त्याने पाहिल्या होत्या. पीटर्सला टुआपेकाच्या बाजूला सोने मिळाल्याची वार्ता त्याच्या कानावर आली होती. १८६१ च्या मे महिन्यात तंबू, घोंगडी, फावडे, पत्र्याची थाळी आणि खाटकाची सुरी एवढेच सामान घेऊन तो तिकडे निघाला. एका घळीत त्याने वरची खडी बाजूला केली तेव्हा खालच्या मऊ पाटीच्या दगडावर त्याला सोने चमकताना दिसले. दहा तासांत त्याने सात औंस, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम सोने काढले. त्या घळीला पुढे त्याचेच नाव मिळाले, गॅब्रिएल्स गली.

बातमी फुटली आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. डनेडिन शहरातून दुकानदार, सुतार, कारकून उठले; समुद्रापलीकडून ऑस्ट्रेलियातील खाणकामगार जहाजे भरभरून आले. त्या वर्षीच्या नाताळापर्यंत टुआपेका आणि वायपोरी या दोन भागांत मिळून सुमारे १४,००० माणसे खणत होती. डनेडिनच्या धूळभरल्या रस्त्यांचे वैभवशाली नगर झाले. प्रांताच्या सरकारने रीडला १,००० पौंडांचे बक्षीस दिले. रीडने ते लबाडीने मिळवले असे कोणी म्हणणार नाही. त्याने मेहनत केली होती आणि आपला शोध सरकारला मोकळेपणाने कळवला होता. पण ज्याच्या पावलांच्या खुणा पाहून तो त्या दिशेने गेला, त्याच्या वाट्याला काय आले?

एडवर्ड पीटर्स मजूरच राहिला. वृद्धपणी, काम होईनासे झाल्यावर, त्याच्यासाठी काही लोकांनी सरकारकडे खटपट केली. १८८५ साली, म्हणजे शोधानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, सरकारने ५० पौंड मंजूर केले. आणि तेही लोकांनी वर्गणी काढून तितकीच रक्कम उभी करावी या बोलीवर. ती वर्गणी उभी राहिली, एवढीच त्यातली समाधानाची बाब. १८९३ साली डनेडिनच्या अनाथ-वृद्धांच्या धर्मादाय आश्रमात पीटर्सचा अंत झाला. पुढच्याच वर्षी, १८९४ साली, टास्मानियातील मनोरुग्णांच्या रुग्णालयात गॅब्रिएल रीडही वारला. एकाला कीर्ती आणि बक्षीस मिळाले, दुसऱ्याला उपेक्षा मिळाली. आणि शेवटी दोघांचीही अंथरुणे परक्यांच्या दयेवरच्या घरांत पडली. ज्या सोन्याने एक शहर उभे केले, त्याने ते दाखवणाऱ्या दोघांनाही स्वतःचे छप्पर दिले नाही.

पीटर्सची कथा एकट्याची नाही. ओटागोतच अ‍ॅरो नावाची नदी आहे. १८६२ साली तिच्यात ज्याला प्रथम सोने सापडले तो जॅक टेवा हा माओरी माणूस, एका गोऱ्या मेंढपाळ-जमीनदाराच्या कुरणावरचा कामकरी. माओरी लोकांना सोन्याचे अप्रूप नव्हते. त्यांच्या लेखी मौल्यवान दगड म्हणजे हिरवा पाउनामू. टेवाच्या शोधाचा गाजावाजा झाला नाही. काही दिवसांनी विल्यम फॉक्स आणि त्याचे सोबती आले, त्यांनी भरपूर सोने काढले, आणि तेथे जी वस्ती उठली तिला काही काळ फॉक्सचेच नाव होते. आज तिला अ‍ॅरोटाउन म्हणतात.

याच अ‍ॅरोटाउनच्या कडेला, नदीकाठी, लहान लहान झोपड्यांची एक जुनी वस्ती जतन करून ठेवली आहे. ती चिनी खाणकामगारांची. पहिला बहर ओसरल्यावर गोरे लोक नव्या खाणींकडे निघून गेले, तेव्हा ओटागोतील व्यापाऱ्यांनी आणि प्रशासनाने चिनी मजुरांना मुद्दाम बोलावून घेतले. १८६६ पासून ते येऊ लागले. इतरांनी टाकून दिलेली खडी ते पुन्हा धूत, आणि त्यांच्या चिकाटीला त्यातूनही सोने मिळे. सरवा वेचणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? परंतु बवाजाने रूथेला जी वागणूक दिली ती त्यांना मिळाली नाही. १८८१ च्या कायद्याने देशात येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा डोईपट्टीचा कर बसवण्यात आला. १८९६ साली तो १०० पौंड झाला. इतर कोणत्याही देशाच्या माणसावर असा कर नव्हता. तो १९४४ साली रद्द झाला, आणि २००२ साली न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सरकारच्या वतीने चिनी समाजाची त्याबद्दल क्षमा मागितली.

माणसांप्रमाणे जमिनीचेही हाल झाले. थाळीने मिळणारे सोने संपले तेव्हा माणसाने पाण्याला जुंपले. उंचावरून नळांनी आणलेले पाणी तोफेसारख्या तोंडातून डोंगरावर सोडायचे आणि सारी माती खाली वाहवून पन्हळीतून न्यायची, अशी ती रीत. सेंट बाथन्स गावाजवळ किल्डेअर नावाची एक टेकडी होती. ती या पाण्याने नाहीशी केली, आणि तिच्या जागी खोल खड्डा पडला. १९३४ साली काम थांबल्यावर त्या खड्ड्यात पाणी भरले. आज तेथे निळाशार तलाव आहे, आणि प्रवासी त्याची छायाचित्रे काढतात. जेथे टेकडी होती तेथे तळे आहे, हे पाहिले म्हणजे स्लॅब हट क्रीकवरची ती साधी अट, इंजिन नको, हातच हवेत, किती अनुभवातून आलेली आहे ते कळते. मर्यादा सुटली की काय होते याचे तो प्रदेश हेच उत्तर आहे.

येथे आपल्या देशातील एका नदीची आठवण होणे साहजिक आहे. झारखंडमधून वाहणाऱ्या सुवर्णरेखेच्या नावातच सोने आहे, आणि तिच्या वाळूतून सोन्याचे कण वेचणारी कुटुंबे आजही तिच्या काठी आहेत. त्यांची लाकडी पाटी आणि न्यूझीलंडच्या हौशी माणसाची थाळी एकाच नियमाने चालतात; पाणी तेच, जडपणा तोच, मनगटाची लय तीच. पण एकासाठी दिवसभरात मिळालेली कणी म्हणजे घरी दाखवायची गंमत, तर दुसऱ्यासाठी ती संध्याकाळची चूल. हौशी माणसाची कुपी रिकामी राहिली तर तो हसून परत जातो. सुवर्णरेखेकाठच्या बाईला रिकाम्या हाताने परत जाणे परवडत नाही. ज्याला सोन्याच्या थाळीशी खेळता येते त्याने आपल्या भाग्याची जाणीव ठेवावी, एवढे तरी या तुलनेतून घेण्यासारखे आहे.

मग असा प्रश्न उरतो की, फायदा नाही, कीर्ती नाही, तर ही माणसे त्या थंड पाण्यात का उतरतात? एक उत्तर सोपे आहे. ज्या वस्तूची किंमत आपण रोज वर्तमानपत्रात आकड्यांत वाचतो, ती वस्तू एकदा तरी स्वतःच्या हातांनी मातीतून वर आलेली पाहावी, ही इच्छा मनुष्याला असतेच. सराफाच्या पेढीवर मखमलीत ठेवलेले सोने निराळे, आणि दहा थाळ्या धुऊन, कंबर दुखवून, बर्फासारख्या पाण्याने बोटे बधिर झाल्यावर दिसलेला मोहरीच्या दाण्याहून लहान कण निराळा. त्या कणाला बाजारात किंमत फारशी नाही. पण तो विकायला कोणी जात नाही. खिडकीच्या फळीवर कुपी राहते, आणि पाहुण्यांना दाखवली जाते.

दुसरे उत्तर सरव्याचे आहे. आधीच्या लोकांनी सारे नेले, आता काही उरले नाही, असे ज्या ओढ्याबद्दल म्हटले गेले, त्यात पुढच्या पुराने पुन्हा थोडे सोने आणून टाकले असते. शोधणाऱ्याने ओंजळभर वाळू पुन्हा एकदा धुवावी लागते, इतकेच.

इतिहासाचेही तसेच आहे. पहिल्या धुण्यात गॅब्रिएल रीडचे नाव हाती आले, घळीला लागले, पुस्तकांत गेले. पीटर्सचे नाव टाकलेल्या खडीबरोबर ढिगाऱ्यावर पडले. पुढच्या पिढ्यांनी तो ढिगारा पुन्हा धुतला. २००९ साली ओटागोतील ग्लेनोर येथे, जेथील ओढ्यात पीटर्सने सोने शोधले होते, त्याच्या स्मृतिचिन्हाचे अनावरण झाले. अनावरण करणारे त्या वेळचे न्यूझीलंडचे गव्हर्नर-जनरल सर आनंद सत्यानंद होते, ज्यांचे पूर्वज फिजीमार्गे भारतातूनच तिकडे गेले. ज्या देशाने एका हिंदी मजुराला ५० पौंड देताना वर्गणीची अट घातली, त्याच देशाच्या सर्वोच्च पदावरील भारतीय वंशाच्या गृहस्थाने त्याच्या नावावरचा पडदा बाजूला केला. धर्मादाय आश्रमात डोळे मिटलेल्या पीटर्सला याचा काही उपयोग नाही, हे खरे. पण शाळेच्या पुस्तकात पहिले नाव कोणाचे लिहावे हे ठरवताना त्या देशातील मुलांना त्याचा उपयोग आहे, आणि साताऱ्याच्या मुलांनाही असायला हरकत नाही.

सराफकट्ट्यावरचा झारेकरी धूळ गोळा करतो तेव्हा ती कोणाच्या पेढीपुढची आहे हे तो पाहत नाही. मोठ्या पेढीपुढची असो की गल्लीतल्या एकट्या कारागिराच्या उंबऱ्यापुढची, तो ती सारखीच जपून नेतो, कारण धुतल्याखेरीज कशात काय आहे ते सांगता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. न्यूझीलंडच्या रानातील ओढ्यावर वाकलेली माणसे सुटीच्या एका दिवसात तेच शिकून येतात. आपल्याकडेही घराघरांत, गावागावांत, ज्यांनी वाट दाखवली पण ज्यांचे नाव कोणी घेतले नाही अशी माणसे असतील. त्यांच्यासाठी थाळी एकदा पुन्हा फिरवून पाहावी.